ऐकण्याच्या परीक्षेत पास

सुरतच्या लिंबायतमधल्या आमच्या मराठी शाळेत चौथीचा वर्ग रस्त्याच्या अंगाला आहे. ज्या वर्षी ऐकू न येणारी एक मुलगी माझ्या वर्गात आली, त्या वर्षी तिला शिकवण्यासाठी मी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर आवाज वाढवला. साधासुधा नाही, नरड्याच्या शिरा फुगवून. परिणाम असा झाला की समोर केळीची गाडी लावणाऱ्या बाईला गुजरातमधल्या नद्या तोंडपाठ झाल्या. एकदा मी नद्या सांगताना अडखळलो तर ती खिडकीशी येऊन म्हणाली, "सर, तापीच्या आधी अजून एक व्हती ना?" वर्ग हसला. मुलगीही हसली. सगळे हसले की हसायचं, सगळे उठले की उठायचं, सगळ्यांनी वही काढली की वही काढायची, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तेवढ्या भांडवलावर ती चौथीपर्यंत आली होती.

तिला ऐकू येत नाही हे मी पहिल्याच दिवशी ओळखलं, असं मी स्टाफरूममध्ये सांगत असे. प्रत्यक्षात ते मला तिच्या बाकावरच्या मैत्रिणीनं सांगितलं. मी चिडून विचारलं होतं, "ही उत्तर का देत नाही?"

"सर, तिला ऐकू येत नाही. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं की. तुला माहीत आहे का, ते बघत होतो."

मैत्रीण माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. मग ती पेन्सिलीचं टोक शेजारणीच्या कोपराला टोचून पान उलटायचं आहे हे सांगायला लागली. हे टोचणं त्या दोघींचं पहिलीपासून चाललं होतं.

नियम असा होता, आणि आजही आहे, की अशा मुलांनी शेजारच्या मुलांबरोबर शेजारच्याच शाळेत शिकायचं. कोणत्याही शाळेनं नाही म्हणायचं नाही. नियम चांगला आहे, हे मी आजही सांगतो. तो नसता तर ती मुलगी घरी बसून आईबरोबर साड्यांवर खडे चिकटवत राहिली असती. फक्त तिला वर्गात बसवल्यावर पुढे मी काय करायचं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आणि न सांगता सुचेल असा माझा स्वभाव नाही. मला सुचतं ते भलतंच सुचतं.

तिचे वडील धुळ्याकडचे, लूमच्या खात्यात कामाला. खातं म्हणजे आमच्याकडे यंत्रमागांची शेड. एका छताखाली इतके माग एकाच वेळी चालतात की शेजारी उभ्या माणसाच्या कानात ओरडलं तरी त्याला फक्त तोंड हललेलं दिसतं. म्हणून तिथली माणसं हातांनी आणि भुवयांनी बोलतात. धागा तुटला, धाग्याचं बीम संपत आलं, चहा आला, मालक आला, अमक्याच्या घरून निरोप आहे, हे सगळं हवेत दोन बोटं फिरवून सांगतात. इतकी वर्षं हे केल्यावर ती सवय घरीही सुटत नाही. त्या मुलीचे वडील भाजीवाल्याशी बोलतानाही भुवया उडवत. भाजीवाल्याला वाटे, भाव पाडायला सांगतोय.

या बापानं मुलीला जन्मापासून खात्यातली भाषाच शिकवली होती. शाळा सुटल्यावर गेटवर ते उभे असत. ती पळत जाई आणि दोघांचं सुरू होई. पाणी, भूक, पाय दुखला, आई रागावली. मी लांबून बघायचो आणि मला वाटायचं, हिला तर सगळं कळतं! मग माझ्याच वर्गात हिला काय होतं? उत्तर अगदी समोर उभं होतं, पण मी ते स्वतःमध्ये शोधायचा माणूस नव्हे.

मंगळवारी विशेष शिक्षिका यायच्या. त्यांना सगळे बेन म्हणायचे. स्कूटरवर मागे मोठी पिशवी बांधलेली, त्यात चित्रांचे पुठ्ठे, आरसा, फुगे, बाहुल्या. आजूबाजूच्या कितीतरी शाळा त्यांच्याकडे होत्या. आमच्या शाळेत त्यांच्यासाठी असलेलं मूल म्हणजे ही एकच मुलगी. बेन गुजराती, पण आमच्या पोरांबरोबर राहून त्यांची एक स्वतंत्र मराठी तयार झाली होती. पहिल्याच मंगळवारी त्यांनी वर्गाच्या मागे बसून माझा तास बघितला आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "सर, तुम्ही फळ्यासोबत वात करता. फळा पास थई जशे, छोकरी रही जशे."

फळा पास होईल आणि मुलगी मागे राहील, हे ऐकून मला राग आला. पण बेन बोलल्या ते खरं होतं. मी फळ्यावर लिहीत लिहीत, पाठ वर्गाकडे करून बोलत असे. त्या दिवसापासून मी तोंड दाखवून बोलायला लागलो. त्याचा अतिरेक असा केला की फळ्याकडे न बघता हात मागे नेऊन लिहू लागलो. माझं अक्षर आधीच असं की डॉक्टरही लाजतील. ते अजून खाली घसरलं.

बेन मात्र कामाच्या बाई होत्या. आरशासमोर मुलीला बसवून त्या ओठ दाखवत, हातांच्या खुणा शिकवत, चित्र आणि शब्द जोडून घेत. दिवाळीच्या सुट्टीनंतर एका मंगळवारी मुलीनं वहीत स्वतःच्या मनानं एक वाक्य लिहिलं. "बाबा आले नाही." त्या दिवशी वडिलांना यायला खरंच उशीर झाला होता. ते वाक्य तिनं कुठून उतरवलं नव्हतं. मी ते वाचलं आणि उगाच खिडकीतून बाहेर बघत बसलो. केळीवाली म्हणाली, "काय झालं सर, आज नद्या नही का?"

मग संक्रांतीनंतर वरून फर्मान आलं. यापुढे ज्या मुलांकडे अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल, त्यांचीच मोजदाद होणार, आणि बेनच्या फेऱ्या त्या मोजदादीप्रमाणे ठरणार. प्रमाणपत्रावर चाळीस टक्के किंवा जास्त असायला हवेत. म्हणजे सरळ हिशेब: चाळीसच्या वर असली तर मंगळवार चालू, कानाचं यंत्र मिळणार, परीक्षेत सवलत मिळणार. खाली आली तर मंगळवार बंद.

मुलीकडे प्रमाणपत्र नव्हतं. आईनं काढू दिलं नव्हतं. एकदा शिक्का बसला की लग्नाला अडचण, आणि पोर तर पुढे बोलेलच, असं तिला वाटायचं. बेननं तिच्या घरी जाऊन, खडे चिकटवता चिकटवता तिची समजूत घातली. महिन्याभरानं शिबिर होतं. आई तयार झाली. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं, कारण मी त्यात कुठेच नव्हतो.

मग मी मध्ये पडलो.

मला कोणीतरी सांगितलं की कानाच्या तपासणीत डोक्याला मोठा हेडफोन लावतात आणि पोरं घाबरून रडतात. रडलं की तपासणी होत नाही, पुढची तारीख मिळते. मी म्हटलं, आपण हिला आधीच सवय लावू. इथपर्यंत विचार शहाण्या माणसाचा होता. पण मी मास्तर आहे. समोर परीक्षा दिसली की मला आमच्या मुलानं पहिलं यावं असंच वाटतं, मग परीक्षा रक्ताची का असेना. मी स्टीलचा डबा आणला. पट्टीनं तो वाजवायचा आणि आवाज आला की हात वर करायचा, असा खेळ सुरू केला. आधी सगळ्या वर्गाला. ती मैत्रिणीकडे बघून हात वर करी. मग मैत्रिणीला लांब बसवलं. दोन दिवस तिला जमेना. तिसऱ्या दिवशी मी कपाटामागून डबा वाजवला आणि तिचा हात वर!

मी नाचलोच. पुन्हा वाजवला, पुन्हा हात वर. वर्गानं टाळ्या वाजवल्या. ती कशी ओळखत होती हे मला फार नंतर कळलं. कपाटाच्या दारातली काच माझा हात दाखवत होती. पण त्या दिवशी मला वाटलं, आहे! थोडं का होईना, ऐकू येतं! संध्याकाळी गेटवर मी तिच्या वडिलांना म्हणालो, "भाऊ, घाबरू नका. पोरगी तयार आहे."

"पास व्हई ना सर?"

"पहिली येईल."

हा संवाद आठवला की आजही मला कुठेतरी तोंड लपवावंसं वाटतं. त्या वेळी मात्र मी छाती पुढे काढून उभा होतो.

शिबिर दुसऱ्या एका शाळेच्या वर्गात होतं. दाराबाहेर रांग, उकाडा, रडणारी पोरं. आवाज नको म्हणून आतले पंखे बंद. तपासणारा एक तरुण मुलगा, सकाळपासून एकटाच, घामानं निथळलेला. मुलीचे केस आईनं तेल लावून घट्ट बांधले होते. अंगात निळा फ्रॉक. कपाळाला देवळातला अंगाराही लावला होता.

तपासणाऱ्यानं हेडफोन तिच्या डोक्याला लावला आणि वडिलांना म्हणाला, "भाई, आप सामने खडे रहो. बच्ची को समझाओ, आवाज आए तो हाथ ऊपर."

वडिलांनी खात्यातल्या खुणांनी समजावलं. मुलीनं मान हलवली. न रडता, ताठ. मी दारातून बघत होतो. तपासणारा बटण दाबे, खाली काहीतरी लिही. वडील त्याच्या बोटाकडे बघत उभे. बोट बटणावर गेलं की वडिलांच्या भुवया वर जात. मागाच्या पलीकडच्या जोडीदाराला 'आला' म्हणून सांगायची जी सवय, तीच. त्यांना स्वतःला ते कळलंही नसेल. मुलीला कळलं. भुवई वर, हात वर. भुवई वर, हात वर. मधेच एखादं हुके, कारण बापाला घाम पुसावा लागे.

मी हे सगळं बघितलं. आणि मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, वा, बापलेकींचं काय जमतं!

शेजारच्या टेबलावर बसलेल्या डॉक्टरीण बाईंनी कागद बघितला, मुलीचा गाल कुरवाळला. "थोडा प्रॉब्लेम आहे, पण चाळीसच्या खाली आहे. चांगलं आहे उलट. शाळेत शिकेल व्यवस्थित." वडिलांनी त्यांना नमस्कार केला. बाहेर आल्यावर त्यांनी आम्हा सगळ्यांना लोचो खाऊ घातला. सुरतेत आनंद झाला की लोचो, हरभऱ्याच्या डाळीचा वाफाळता मऊ लगदा. मी दोन प्लेट खाल्ल्या. मुलीनं लोचोवरची शेव आधी वेचून खाल्ली आणि माझ्याकडे बघून अंगठा दाखवला. पास.

मंगळवारी बेन आल्या. मी कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि कौतुकाची वाट बघत उभा राहिलो. त्यांनी वाचला. मग पिशवीतून स्टीलची ताटली काढली आणि मुलीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. मुलगी चित्र रंगवत होती. बेननं ताटली फरशीवर टाकली. अख्खा वर्ग दचकला. बाजूच्या वर्गातून मास्तर धावत आले. मुलीनं हिरवी पेन्सिल ठेवली, पिवळी घेतली, आणि सूर्य रंगवायला लागली.

"सर," बेन हळूच म्हणाल्या, "हिला ऐकू येतं, असं कोणी शिकवलं?"

मी स्टीलचा डबा पायानं कपाटामागे ढकलला.

दुरुस्तीसाठी आम्ही धडपडलो. अर्ज दिले. उत्तर मिळालं, की प्रमाणपत्र एकदा दिलं की लगेच बदलत नाहीत. फेरतपासणीचं यंत्र मोठ्या दवाखान्यात आहे, नंबर येईल तेव्हा कळवू. तोवर कागदावर आमच्या शाळेत अपंग मूल नव्हतं. शाळेच्या बाहेर मात्र पाटी होती, 'सर्वसमावेशक शाळा'. ती रंगवून घेतली होती मीच. बेनना दुसरीकडच्या शाळा दिल्या. शेवटच्या मंगळवारी त्यांनी चित्रांचे पुठ्ठे माझ्या टेबलावर ठेवले. "सर, आता तुम्हीच. आणि बोंबलू नका." मुलगी स्कूटर वळेपर्यंत गेटपाशी होती. पुढच्या मंगळवारीही होती. त्याच्या पुढच्याही. मग मैत्रीण तिला हात धरून आत आणायला लागली.

मराठी शाळेत पोरंही कमी आणि मास्तरही कमी, म्हणून पुढच्या वर्षी पाचवी माझ्याकडेच, मग सहावी, सातवी, आठवी. मी तिच्याबरोबर वर्ग चढत गेलो. मंगळवारचं काम मी करायचं ठरवलं. फोनवर बघून खुणा शिकायचो आणि चुकीच्या शिकवायचो. एकदा 'शाबास' म्हणून जी खूण रोज करत होतो, ती 'साबण'ची निघाली. मुलगी कितीतरी दिवस चांगलं काम केलं की हात धुऊन येई. शेवटी मैत्रिणीनं मला हे लक्षात आणून दिलं. आम्ही तिघं पोट धरून हसलो. तेव्हा मला वाटायचं, जमतंय. अवघड आहे, पण जमतंय.

पण जमत नव्हतं. तिच्या वह्या बघा. अख्ख्या वर्गात तिचं अक्षर सुंदर. फळ्यावर असेल ते जसंच्या तसं वहीत. कोपऱ्यात मी लिहिलेली हजेरीची संख्या, मी खोडलेली ओळ, खोडल्याची रेघसुद्धा. माझा हात लागून पुसलेलं अक्षर अर्धंच. पानंच्या पानं. त्यात एक ओळ तिची नव्हती. 'बाबा आले नाही'नंतर तिनं मनानं काही लिहिलं असेल तर मला सापडलं नाही. दरवर्षी प्रगतीपत्रकावर मी सही करायचो आणि ती पास व्हायची.

आठवीच्या मध्याला दवाखान्यातून नंबर आला. या वेळी भुवयांचा प्रश्न नव्हता. औषध देऊन झोपवलं, डोक्याला तारा लावल्या, आणि मेंदूनंच सांगितलं की आत काही पोचत नाही. नव्वदच्या वर. वडील बाकावर बसले होते. मी कागद वाचून दाखवला.

"म्हंजे सर, आते तर पास नही ना?"

"नाही भाऊ. आता नाही."

"चला," ते म्हणाले, आणि त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मीही सोडला. एका मुलीला अजिबात ऐकू येत नाही म्हणून दोन बाप्ये दवाखान्याच्या बाकावर हायसं वाटून बसले होते. आई मात्र भिंतीला टेकून उभी होती. ती रडत होती हे आम्हाला उशिरा दिसलं. मी समजूत घालायला गेलो, की आता सगळं मिळेल, यंत्र, शिक्षिका, सगळं.

ती म्हणाली, "सर, तुमना कागदवर लिखेल व्हतं, तिले थोडं ऐकू येस. मी मांगून हाका मारू. ती वळेना. माले वाटे, पोर मुद्दाम करस." मग पदराला चिकटलेला एक खडा ती नखानं काढू लागली. "मी मारेल शे तिले. त्याकरता."

माझ्याजवळ प्रत्येक प्रसंगासाठी एक गंमत असते. त्या दिवशी नव्हती. घरी काय चाललं असेल हा विचार मी इतक्या वर्षांत केलाच नव्हता. मला वाटत होतं, माझ्या करामतीचं नुकसान मंगळवारपुरतं.

नवा कागद घेऊन मी कार्यालयात गेलो. बेन पुन्हा मिळतील? साहेब सज्जन होते. त्यांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, "मास्तर, आता हे प्रकरण फार पुढचं आहे. एवढ्या टक्केवारीला आठवड्याची एक फेरी पुरेल का? आणि आठवीनंतर तुमच्याकडे वर्ग तरी कुठे आहे?" तेही खरं होतं. आमची शाळा आठवीपर्यंत. पुढे गोडादऱ्याच्या हायस्कूलमध्ये जायचं. मैत्रीण तिथेच जाणार होती. मुलगीही तिच्याबरोबर जाणार हे दोघींनी आपापसात कधीच ठरवून टाकलं होतं.

मी त्या हायस्कूलच्या मुख्याध्यापकांना भेटलो. कायद्यानं ते नाही म्हणू शकत नव्हते, आणि ते नाही म्हणालेच नाहीत. त्यांनी काळजी व्यक्त केली. "सर, घेतो की. उद्या घेतो. पण मला सांगा, मुलीचं नुकसान नाही का होणार? आमच्या वर्गात साठ-साठ मुलं. तिच्या खुणा कोणाला येतात? तुम्हाला येतात?"

मला साबणाची येत होती.

"मग?" ते म्हणाले. "तिच्याच भल्यासाठी सांगतो. मुक्यांची निवासी शाळा बघा."

आधी ती आमच्यासाठी पुरेशी बहिरी नव्हती, आता जरा जास्तच होती. मधल्या काळात ती चौदा वर्षांची झाली होती. बेनना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सर, जाऊ दे तिला. तिथे तिला भाषा मळशे, तिची भाषा मिळेल. इथे आपण चार वर्ष घालवली." आपण, म्हणाल्या. त्यांचा मोठेपणा.

वडिलांना मी निवासी शाळेबद्दल सांगितलं. कामरेजच्याही पुढे, दूर, दुसऱ्या जिल्ह्यात. राहायचं तिथेच, सुट्टीत घरी. शिक्षण गुजरातीत. त्यांनी एकच विचारलं, "तठे बठ्ठा तिनासारखाच शेतस का?"

"हो. सगळे तिच्यासारखेच."

"मंग ठीक."

मुलीला कसं सांगितलं, मला माहीत नाही. खात्यातल्या खुणांमध्ये 'निवासी शाळा' कशी म्हणतात? 'दूर' म्हणता येतं, 'जायचं' म्हणता येतं. 'परत येशील' म्हणता येतं का, हे मी विचारलं नाही. ज्या दिवशी मी तिचा दाखला लिहिला, त्या दिवशी ती वर्गात येऊन बाकावर बसली, वही काढली, आणि मी फळ्यावर जे लिहिलं होतं ते उतरवायला लागली. मैत्रीण पेन्सिल टोचत नव्हती. ती खाली मान घालून बसली होती. वडील दारात आले आणि त्यांनी हात हलवला. मुलीनं ओळ पूर्ण केली, मग उठली.

दिवाळीत ती घरी आली, असं कळलं. मी भेटायला गेलो. खोलीत साड्या पसरलेल्या, आई खडे चिकटवत होती, वडिलांना सुट्टी होती. मुलगी उंच झाली होती. मला बघून हसली आणि तिचे हात सुरू झाले.

असे हात मी कधी पाहिले नव्हते. बोटं, मनगट, खांदे, चेहरा, सगळं एकदम बोलत होतं. ती काहीतरी लांबलचक सांगत होती, मधे थांबत होती, डोळे मोठे करत होती, एखाद्या माणसाची नक्कल करत होती, मग पुन्हा मूळ गोष्टीवर येत होती. इतक्या वर्षांत माझ्या वर्गात ती एवढं कधी बोलली नव्हती. वडील गुडघ्यांवर हात ठेवून, पुढे वाकून बघत होते. त्यांच्या भुवया वर गेल्या आणि तिथेच राहिल्या.

"सर," ते म्हणाले, "काय म्हनी राह्यनी ती? चार दिवसपासून हेच सांगस. तुम्ही तर शिकेल शेतस."

शिकलो होतो खरा. मधे आमचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं. त्यात फळं झाली, रंग झाले, आणि निरोप समारंभ झाला. पण बाप विचारत होता, आईनं हातातला खडा तसाच धरून ठेवला होता, आणि मला माहीत नाही म्हणायची सवय नाही.

"म्हणते आहे," मी म्हणालो, "की तिथे छान आहे. मैत्रिणी मिळाल्या. तुमची आठवण येते."

वडिलांनी मान हलवली. आईचे डोळे भरले. पण मुलगी माझ्या ओठांकडे बघत होती. ओठ बघायला तिला बेननं शिकवलं होतं. तिनं मान जोरात हलवली. नाही. तसं नाही.

तिनं पुन्हा सांगायला सुरुवात केली. या वेळी हळू. एकेक खूण वेगळी करून, प्रत्येकीनंतर थांबून, आमच्या तिघांच्या चेहऱ्याकडे बघत. ढ मुलांना शिकवताना करावं तसं. मला काही कळलं नाही. मी खिशातलं पेन काढून पुढे केलं आणि बाजूला पडलेल्या बिलाची मागची बाजू दाखवली. तिनं पेनकडे बघितलं, घेतलं नाही. तिसऱ्यांदा सांगितलं. आणखी हळू.

वडील माझ्याकडे बघत होते. मी खाली बघत होतो.

मग तिचे हात खाली आले. ती आईजवळ जाऊन बसली, डिंकाची वाटी पुढे ओढली आणि साडीच्या काठावर खडे लावायला लागली.